मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार: ज्यांची नावं आपण वाचतच नाही

भिंगरी:

‘तोत्तोचान’ कुणाचं, असं विचारलं तर इथले निम्मे जण झोपेतसुद्धा तेत्सुको कुरोयानागी हे नाव सांगतील. त्यातली चित्रं कुणाची? मग जरा चुळबुळ. ती चिहिरो इवासाकी यांची. आणि ती त्या पुस्तकासाठी काढलेलीच नाहीत. इवासाकी १९७४ साली गेल्या, पुस्तक आलं १९८१ मध्ये. त्यांच्या मागे राहिलेल्या चित्रांतून निवडून ती पुस्तकात लावली. तरी आज आपल्या डोळ्यांसमोर तोत्तोचान उभी राहते ती इवासाकींच्या जलरंगातली. लेखिकेने स्वतःचंच बालपण लिहिलं आणि चेहरा मात्र दुसरीने, तोही आधीच, काढून ठेवला होता!

धागा काढायचं कारण हेच. बालसाहित्यावर चर्चा निघाली की ‘अजरामर पात्रं’ आणि ‘आवडती दहा पुस्तकं’ याच्या पुढे गाडी जात नाही. याद्या नकोत. कुणी पुस्तक या वस्तूतच काही बदल केला आणि तो आजही वापरात आहे, अशी माणसं सांगा. लेखक चालतील, पण चित्रकारांना झुकतं माप मिळेल.

सुरुवात मी करते. रँडॉल्फ कॅल्डेकॉट. अमेरिकेत चित्रपुस्तकांना १९३८ पासून दरवर्षी याच्या नावाचं पदक देतात, पण माणूस इंग्रज, आणि जेमतेम ३९ वर्षांचं आयुष्य. १८८२ साली त्याने ‘हे डिडल डिडल’ हे बडबडगीत चितारलं. शेवटी बशी चमच्याबरोबर पळून जाते, एवढ्यावर गाणं संपतं. कॅल्डेकॉट तिथे थांबत नाही. पान उलटलं की एकही शब्द नसलेलं चित्र येतं: बशीचे तुकडे तुकडे झालेत आणि काटा-सुरी चमचीला मधे धरून घेऊन चालले आहेत. आईबापच ते, दुसरं कोण! म्हणजे शब्द म्हणतात प्रेमी पळाले, चित्र म्हणतं पकडले गेले. चित्राने शब्दांची री न ओढता पुढची गोष्ट सांगायची, हा प्रकार ठामपणे इथून सुरू होतो. अमेरिकन चित्रकार मॉरिस सेंडाक आधुनिक चित्रपुस्तकाचा उगम कॅल्डेकॉटपाशीच मानायचा.


टाकदौत:

वाखूसा (वाचनखूण साठवली). काटा-सुरीचं माहीत नव्हतं, आत्ता शोधून पाहिलं. चमचीची मान खाली आहे की मलाच तसं वाटतंय?


खिळेजुळारी:

छान धागा. आयुष्य छापखान्यात गेलं म्हणून एक माणूस मधे घुसवतो: एडमंड एव्हान्स. लंडनचा मुद्रक. लाकडी ठोकळ्यांवर रंगीत छपाई करायचा, प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा. त्या काळी मुलांची रंगीत पुस्तकं म्हणजे भडक रंग फासलेला स्वस्त माल. एव्हान्सचं म्हणणं, कागद, आरेखन आणि रंग नीट निवडले तर स्वस्तातही सुंदर छापता येतं. वॉल्टर क्रेन, केट ग्रीनअवे आणि कॅल्डेकॉट या तिघांनाही त्यानेच छापलं. कॅल्डेकॉटशी तर एकरकमी मानधनाऐवजी खपलेल्या प्रतीमागे हिस्सा असं ठरलं होतं. १८७८ पासून दर नाताळला दोन पुस्तकं. चित्रकार विकत घेतलेला मजूर नाही, भागीदार आहे, हे त्या व्यवहारात मान्य झालं. मला तरी हे त्या बशी-चमच्याइतकंच मोलाचं वाटतं.

तसंच चित्रकार जॉन टेनियलचं. ‘अ‍ॅलिस’ची पहिली आवृत्ती १८६५ मध्ये छापून झाली, २००० प्रती. टेनियलने चित्रांची छपाई पाहिली आणि नापसंत केली. लेखक लुइस कॅरल स्वतःच्या खिशातून छापत होता, तरी त्याने ती आवृत्ती मागे घेतली आणि दुसऱ्या मुद्रकाकडे पुस्तक नव्याने छापून घेतलं. पुढे दुसऱ्या भागात केसांचा टोप घातलेल्या गांधीलमाशीचं एक प्रकरण होतं. टेनियलने कळवलं की हे चितारणं कलेच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि कॅरलने प्रकरणच काढून टाकलं! आजच्या कुठल्या चित्रकाराची आहे का ही टाप?


वाचनवेडा:

काका, लेखकही तेवढा गरीब हवा ना.

बीट्रिक्स पॉटर कशी राहिली? ४ सप्टेंबर १८९३ ला आजारी असलेल्या नोएल नावाच्या ओळखीच्या मुलाला तिने पत्र लिहिलं. लिहायला काही नाही म्हणून चार सशांची गोष्ट, मधे मधे चित्रं. तोच पीटर रॅबिट. प्रकाशकांनी नाकारलं म्हणून डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वतःच्या पैशांनी २५० प्रती काढल्या. मग वॉर्न या प्रकाशकाने रंगीत चित्रांच्या अटीवर १९०२ मध्ये ते आणलं. आकाराबाबत मात्र ती हटून बसली होती. पुस्तक लहानच हवं, लहान हातात मावेल असं. एका बाजूला दोन-चार वाक्यं, समोर एक चित्र. वाचणारा मोठा माणूस वाचत असतो तेव्हा मूल समोरच्या पानावर फिरत असतं, दोघांना वेगवेगळं काम.

शिवाय बाई व्यवहाराला पक्की. १९०३ मध्ये पीटरच्या बाहुलीचं पेटंट घेतलं. पुस्तकांच्या उत्पन्नातून शेतं घेत गेली आणि १९४३ मध्ये वारली तेव्हा चौदा शेतं आणि ४००० एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला ठेवून गेली. इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टचा मोठा तुकडा एका सशाने वाचवला म्हणायचं.


कोरापाटी:

सगळ्यांना असहमत, म्हणून लिहितोय.

चित्रं छान असतात, मान्य. पण टिकतो तो मजकूर. अ‍ॅलिस टेनियलनंतर किती जणांनी नव्याने काढली! स्वीडिश लेखिका लिंडग्रेनची पिप्पी लाँगस्टॉकिंग देशोदेशी वेगवेगळ्या चित्रकारांनी काढली आणि सगळीकडे ती चालली. अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेनचं वाक्य उभं राहायला कुणाच्या कुंचल्याचा टेकू लागत नाही. १९४१ साली आजारी लेकीने ‘पिप्पीची गोष्ट सांग’ म्हटलं, नावही लेकीनेच तिथल्या तिथे बनवलं, आणि आई सांगत गेली. तेव्हा कुठे चित्र होतं?

आणि योगदानाचंच बोलायचं तर लिंडग्रेनचं पुस्तकाबाहेरचंही बघा. १९७८ मध्ये जर्मन प्रकाशकांचा शांतता पुरस्कार घेताना तिने मुलांना मारण्याविरुद्ध भाषण केलं. भाषणाचा मसुदा पाहून आयोजकांनी सुचवलं की भाषण नको, नुसता पुरस्कार घ्या. ती म्हणाली, मग मी येतच नाही. शेवटी भाषण झालंच. १९७९ मध्ये स्वीडनने घरातसुद्धा मुलांना मारायला कायद्याने बंदी घातली, असं करणारा जगातला पहिला देश. श्रेय एकट्या भाषणाचं नाही, पण हे चित्रकाराला जमलं असतं?


भिंगरी:

कोरापाटी, पिप्पीचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मी मान्यच करते. (इंग्रिड वांग नीमनची मूळ पिप्पी मात्र एकदा बघाच. सपाट, कडक रंग, जाड रेघ, कुठेही गोडगोडपणा नाही. १९४५ च्या मानाने धाडसच.) पण पिप्पी हे चित्रं असलेलं पुस्तक आहे. चित्रं काढून टाकली तर ते लंगडं होईल, मरणार नाही. मी बोलतेय ते चित्रं काढली तर ज्यात काही उरतच नाही अशा पुस्तकांबद्दल.

सेंडाकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ घ्या, १९६३. शब्द साडेतीनशेही नाहीत. मॅक्स दंगा करतो, आई जेवण न देता खोलीत पाठवते, खोलीत जंगल उगवतं, तो राक्षसांच्या बेटावर जाऊन राजा होतो आणि परत येतो. आता चित्रांचा आकार बघत पानं उलटा. पहिलं चित्र छोटंसं, भोवती भरपूर कोरा कागद. मॅक्सची चिडचिड वाढते तसं चित्र वाढतं. जंगल उगवलं की कोरी कड संपते. समुद्र आला की चित्र मधली घडी ओलांडून पलीकडच्या पानावर जातं. आणि राक्षसांचा धिंगाणा सुरू झाला की तीन जोडपानं सलग, शब्दांना जागाच नाही. वाचून दाखवणारा मोठा माणूस तिथे गप्प होतो आणि पुस्तक मुलाच्या ताब्यात जातं. शेवटच्या पानावर उलट, चित्रच नाही. जेवण अजून गरम होतं, एवढाच मजकूर.

आणखी एक. सुरुवातीला खिडकीतला चंद्र कोरीचा आहे. मॅक्स परत येतो तेव्हा पूर्ण गोल. शब्दांच्या हिशेबाने जेवण निवायलाही वेळ झालेला नाही, चंद्राच्या हिशेबाने कित्येक रात्री गेल्यात. खरं काय, ते पुस्तक सांगत नाही. आता हे ‘मजकूर’ म्हणून वेगळं काढून दाखवा!


ठोंब्या:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.


टाकदौत:

भिंगरीताई, चंद्राचं वाचून कपाटातलं पुस्तक काढलं. इतक्या वेळा वाचून दाखवलंय लेकाला. तो म्हणाला, ‘हो, मला माहितीये.’ सांगितलं का नाहीस, तर म्हणे, तू विचारलंच नाहीस.

मोठ्यांना हे पुस्तक तेव्हा पचलं नव्हतं ना?


भिंगरी:

बऱ्याच जणांना नाही. ब्रूनो बेटलहाइम या नावाजलेल्या मानसतज्ज्ञाने १९६९ मध्ये एका मासिकात त्याच्यावर टीका केली, उपाशी झोपवण्याची शिक्षा मुलांना घाबरवेल वगैरे. आणि पुस्तक स्वतः न वाचता! सेंडाकला १९६४ मध्ये कॅल्डेकॉट पदक मिळालं होतं, १९७० मध्ये अँडरसन पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षीच्या पुढच्या पुस्तकात मुलगा नागडा आहे म्हणून काही ग्रंथपालांनी चित्रावर रंगाने लंगोट काढले, ते वेगळंच. त्याच्यामागे ठाम उभी राहिली ती संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम. संपादकांवर कुणीतरी वेगळा धागा काढा.


खिळेजुळारी:

संपादकांवरून एरिक कार्ल, ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’वाला. त्याची मूळ कल्पना पुस्तकातल्या किड्याची होती. कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडताना सुचलेली, नायक विली नावाचा किडा. संपादक अ‍ॅन बेनेड्यूसला किडा काही रुचेना, तिने सुरवंट सुचवला. सुरवंट म्हटल्याबरोबर कार्लला फुलपाखरू दिसलं आणि शेवट सापडला.

पण माझ्यासारख्याला त्यातलं काम बघून घाम फुटतो. सोमवारचं पान सगळ्यात अरुंद, एक सफरचंद. मंगळवारचं थोडं रुंद, दोन पेअर. असं शुक्रवारपर्यंत, पाच संत्री. प्रत्येक फळाला आरपार भोक, ते पुढच्या पानाशी जुळलं पाहिजे. म्हणजे वेगवेगळ्या रुंदीची पानं कापा, भोकं पाडा, आणि बांधणीत एकही पान सरकता कामा नये. १९६९ मध्ये परवडेल अशा खर्चात हे करून देणारा छापखाना अमेरिकेत मिळेना, शेवटी जपानमध्ये छापलं. पुढे पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या. मुलांची बोटं त्या भोकात जातातच. मोजणं, वार, आकार, सगळं बोटाने कळतं. कार्ल स्वतः पातळ कागद रंगवायचा आणि कापून चिकटवायचा. म्हणून रंग कुठेच एकजात सपाट दिसत नाही.

भोकांचा खेळ टूव्ह यान्सनने १९५२ मध्येच केला होता, मूमिनच्या चित्रपुस्तकात. पुढच्या पानावर काय आहे ते भोकातून थोडंसं दिसतं आणि पान उलटल्यावर भलतंच निघतं. लेखन, चित्रं, हाताने काढलेली अक्षरं, सगळं एकटीचं.


वाचनवेडा:

लिओ लिओनी राहिला. १९५९, ‘लिटल ब्लू अँड लिटल यलो’. आगगाडीत नातवंडं कंटाळली म्हणून मासिकाची पानं फाडून निळा आणि पिवळा तुकडा केला, हीच पात्रं. डोळे नाहीत, हात-पाय नाहीत. मिठी मारली की दोघं हिरवे होतात आणि आईबाप ओळखत नाहीत. चित्रातला माणूस काढून टाकला तरी गोष्ट चालते, हे त्याने दाखवलं.

डॉ. स्यूसबद्दल सगळ्यांना माहीतच असेल, २३६ वेगवेगळ्या शब्दांत ‘कॅट इन द हॅट’ (१९५७), मग पैजेवर ५० शब्दांत आणखी एक. पुढे सरका.


शाईचा_डाग:

आतापर्यंतचा धागा वाचला. ससे, सुरवंट, राक्षस, कागदाचे तुकडे. माणसांची मुलं जी आहेत ती जवळपास सगळी गोरी. कुणाच्या लक्षात आलं का?

एझ्रा जॅक कीट्सच्या आलं होतं. १९४० साली त्याने एका मासिकातून एका काळ्या मुलाचे फोटो कापून ठेवले. वीसेक वर्षं ते त्याच्याजवळ होते. १९६२ मध्ये तोच मुलगा पीटर होऊन ‘द स्नोई डे’त आला. लाल कोट, बर्फात उमटवलेले पाय, काठीने झाडावरचं बर्फ पाडणं. गोष्टीत कातडीच्या रंगाचा उच्चारही नाही. १९६३ चं कॅल्डेकॉट पदक. पुढे १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिकने हजारो बालपुस्तकं तपासून त्यांचं जग कसं पांढरंफटक आहे यावर लेख लिहिला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. तिने कीट्सलाही सोडलं नाही, पीटरच्या आईचं चित्र साचेबद्ध आहे म्हणून. कीट्स दुखावला. माझ्या मते पुस्तकही मोठं आणि आक्षेपही रास्त.

उत्तर द्यायला जॉन स्टेप्टो हा काळा चित्रकार आला. सोळाव्या वर्षी ‘स्टीव्ही’ लिहायला घेतलं, १९६९ मध्ये ते छापून आलं तेव्हा विशीही ओलांडली नव्हती. काळ्या मुलांची घरातली बोली, जाड काळ्या रेषा, काचेच्या खिडकीसारखे रंग. इथे बघणारा बाहेरचा नाही. १९९० मध्ये रूडीन सिम्स बिशप यांनी मांडलं की पुस्तक मुलाला खिडकी असतं तसा आरसाही असावा लागतो. ज्यांना नुसत्या खिडक्याच मिळाल्या त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.


कोरापाटी:

शाईचा डाग, +१. आणि यात लेखक-चित्रकार असा वाद घालण्यात अर्थ नाही, हेही पटलं.


भिंगरी:

आपल्याकडचं कुणीच कसं काढलं नाही? बंगालीतले सुकुमार राय! वडील उपेंद्रकिशोर हाफटोन (बारीक ठिपक्यांतून चित्र उमटवणाऱ्या) छपाईतले जाणकार, १९१३ मध्ये ‘संदेश’ मासिक त्यांनी काढलं. सुकुमार स्वतः इंग्लंडमध्ये छपाईचं तंत्र शिकून आलेले. ‘आबोल ताबोल’मध्ये बदक आणि साळिंदर जोडून ‘हाँसजारू’ होतो. कवितेत ते दोन शब्दांचं कडबोळं आहे, पण चित्रात जोड इतका सहज बसवलाय की प्राणी खरंच असावा असं वाटतं. १० सप्टेंबर १९२३ ला ते वारले, पुस्तक आलं नऊ दिवसांनी. आजारपणात त्याची मांडणी करून ठेवली होती.

आणि आपल्या माधुरी पुरंदरे. लिहिणं-चितारणं दोन्ही त्यांचंच. ‘राधाचं घर’मधली माणसं गोड दिसायचा अजिबात प्रयत्न करत नाहीत, म्हणून घरातली वाटतात.


शाईचा_डाग:

भज्जू श्याम! गोंड चित्रकार. लंडनला कामासाठी गेला आणि परत येऊन ‘द लंडन जंगल बुक’ केलं, तारा बुक्स, २००४. भुयारी रेल्वे म्हणजे गांडूळ, बिग बेन म्हणजे कोंबडा, कारण वेळ तोच सांगतो, आणि रोजची बस म्हणजे इमानी कुत्रा. प्रवासवर्णनं साहेबाने आपल्यावर लिहायची, हा शिरस्ता त्याने सरळ उलटवला. दुर्गाबाई व्याम, रामसिंह उर्वेती आणि भज्जू यांचं झाडांवरचं पुस्तक तर काळ्या कागदावर हाताने छापलेलं. खिळेजुळारी काका, ते तुम्ही हातात घ्याच.


खिळेजुळारी:

घेतलंय. वास अजून जात नाही शाईचा.

सोव्हिएत पुस्तकांवर वाढलेले इथे कोण कोण आहेत? व्लादिमिर लेबेदेव बघा. १९२५च्या सुमारास सामुईल मार्शाकच्या कवितांना त्याने चित्रं केली. माणसं म्हणजे रंगाचे सपाट आकार, बाकी पान पांढरं. जागा भरायची हौसच नाही. १९३६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्रावदा’ वृत्तपत्राने अशा चित्रकारांना रंग फासणारे म्हणून झोडपलं आणि पुढे लेबेदेवची चित्रं गुळगुळीत झाली. चांगल्या कारागिराला भीती घातली की कामात ती दिसतेच.


टाकदौत:

डॉ. स्यूसची सहा पुस्तकं २०२१ मध्ये त्याच्या वारसांच्याच कंपनीने छापणं थांबवलं, चित्रांतल्या वंशभेदी चित्रणामुळे. दोन वर्षांनी ब्रिटिश लेखक रोआल्ड डालच्या मजकुरात शब्द बदलले म्हणून गदारोळ झाला. यावर काय मत?


कोरापाटी:

छापणं थांबवा, पण मेलेल्याच्या वाक्यात हात घालू नका. डालवर टीका करायची तर मूळ शब्द समोर हवेत. गंमत बघा, ‘बीएफजी’ या राक्षसाच्या गोष्टीसाठी डालने आपलीच एक चप्पल टपालाने चित्रकार क्वेंटिन ब्लेकला पाठवली होती, राक्षसाच्या पायात हीच हवी म्हणून. एवढं बारीक ठरवलेलं असतं.


शाईचा_डाग:

मला बदलाचं वावडं नाही, पण तो मुखपृष्ठावर ठळक सांगा. यावर वेगळा धागा हवा, इथे भरकटेल.


ठोंब्या:

पॉपकॉर्न संपले. एक साधा प्रश्न. मुलगी सहा वर्षांची, अक्षरओळख नुकती सुरू आहे. शब्द नसलेली पुस्तकं कुठली? मागे कुणीतरी शॉन टॅनचं ‘द अरायव्हल’ सुचवलं होतं.


वाचनवेडा:

‘द अरायव्हल’ (२००६) अफाट आहे. एक माणूस अनोळखी देशात उतरतो. तिथल्या पाट्या, तिकिटं, कागदपत्रं सगळं टॅनने बनवलेल्या लिपीत. त्यामुळे त्याच्याइतकेच आपणही निरक्षर. पण सहा वर्षांच्या मुलीला आत्ता नको. मधे प्रचंड राक्षस माणसांना यंत्राने ओढून घेतात अशी पानं आहेत. दहा-अकराव्या वर्षी द्या.


भिंगरी:

आत्ता मित्सुमासा आन्नो हा जपानी चित्रकार. त्याचं मोजणीचं पुस्तक (१९७५) शून्यापासून सुरू होतं. पहिल्या जोडपानावर नुसतं बर्फ आणि नदी. मग एक घर, एक झाड, एक माणूस. प्रत्येक पानाला एक महिना पुढे, बारापर्यंत. गाव वाढत जातं आणि बाजूला ठोकळे. कुठे काय किती, ते आपण सांगायचं नाही, तिला शोधू द्या. शून्याच्या पानावर ‘यात काहीच नाही’ म्हणून घाईने उलटू मात्र नका.


ठोंब्या:

मागवतो. चित्रकाराचं नाव आधी वाचून दाखवीन, प्रॉमिस.